वाढत्या अंगाची दाढ

टाचणीच्या आईने आयुष्यात एकही कपडा मापाचा शिवला नाही, आणि तिच्याकडे गिऱ्हाइकांची रांग लागायची ती त्याचसाठी. शाळेचे गणवेश ही तिची खासियत. पोराला समोर उभं केलं की ती टेप लावायची, आकडा मोठ्याने म्हणायची आणि लिहिताना त्यात स्वतःच्या मनाने भर घालायची. "पोरं काय, झोपेत वाढतात," असं तिचं म्हणणं. तिचे शर्ट पहिल्या वर्षी गुडघ्याशी गप्पा मारायचे, दुसऱ्या वर्षी अंगाला यायचे आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाकडे जायचे. पोरं कुरकुरायची, आईबाप खूश असायचे. शिंप्याच्या दुकानात पोरांचं ऐकतो कोण, त्यामुळे धंदा झकास चालला होता.

टाचणी ही तिची एकुलती एक मुलगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं. रांगायला लागल्यापासून मशीनखाली पडलेल्या टाचण्या वेचून डबीत टाकायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं आणि त्यातली एकही कधी तोंडात घातली नव्हती. एवढ्या गुणी पोरीला दुसरं काय नाव ठेवणार? शिवाय अंगाने ती होतीही तशीच.

या टाचणीला दातांची डॉक्टर व्हायचं होतं. गावात दातांचं कॉलेज एकच. त्याची लेखी परीक्षा ती बऱ्यापैकी गुणांनी पास झाली होती, पण तेवढ्याने भागत नव्हतं, पुढे आणखी अटी होत्या. दुसरं कॉलेज लांबच्या शहरात होतं आणि तिथली मुदत टळून गेली होती. ती टळली बाबांमुळे. बाबा लिफ्टची दुरुस्ती करायचे. "एका वेळी एकच बटण दाबायचं," हे त्यांचं तत्त्व. "सगळी बटणं दाबणारा माणूस सगळ्यात उशिरा पोचतो." तर हे एकच बटण दाबलेलं होतं. ते चाललं तर ठीक, नाही तर अख्खं वर्ष हातचं जाणार होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कॉलेजची माहितीपुस्तिका बाबांनी जेवणाच्या टेबलावर उघडली. पुस्तिका वाचल्याशिवाय कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, ही त्यांची धंद्यातली शिस्त. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी एकेक अट मोठ्याने वाचायला घेतली.

"विज्ञानाच्या तिन्ही विषयांत चांगले गुण. आहेत. पुढे. नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची शिफारस."

"नातेवाईक नसलेल्या?" आई म्हणाली. "मला सोडून हिला ओळखतंय कोण? जन्मापासून माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"म्हणूनच नको म्हणतायत ते."

"अहो, मी काय खोटं सांगणार आहे?"

"तू खरं सांगशील याचीच भीती वाटत असेल त्यांना. पुढे ऐक. नोंदणीकृत दंतवैद्याकडे प्रत्यक्ष निरीक्षण, आणि तसं प्रमाणपत्र." इथे बाबा थांबले आणि पसंतीची मान हलवली. "हे मात्र योग्य आहे. स्वतःचे दात किडके असतील तर दुसऱ्याचे काय बघणार? दात दाखवून ये उद्या."

टाचणीला हे जरा विचित्र वाटलं, पण पुस्तिका बाबांच्या हातात होती आणि चष्माही बाबांच्या नाकावर होता. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन खुर्चीत आडवी झाली. डॉक्टरांनी दिवा ओढला, आरसा घातला, वरची ओळ बघितली, खालची बघितली, गाल बाजूला करून बघितलं.

"काय दुखतंय?"

"काही नाही."

"गार लागतं? गोड लागतं?"

"नाही. मला निरीक्षणाचं प्रमाणपत्र हवंय. कॉलेजसाठी."

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली केला आणि हसायला सुरुवात केली. बराच वेळ हसले. बाहेर बसलेल्या पेशंटना हे हसणं ऐकून धीर आला की घाबरायला झालं कोण जाणे, पण एक गृहस्थ तेवढ्यात उठून गेले.

"अगं, तुझ्या दातांचं निरीक्षण नाही," ते म्हणाले. "तू माझ्या कामाचं करायचंस. रोज येऊन बसायचं, बघायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. सुट्टीभर आलीस तर सही करीन."

टाचणी सुट्टीभर गेली. कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बसायची. पहिले काही दिवस ती नुसती तोंडात डोकावायला मान लांब करत होती. मग डॉक्टरांनीच सांगितलं, "तोंड नंतर बघ. आधी हात बघ. खुर्चीचा दांडा किती घट्ट धरलाय त्यावरून कळतं, आता सुरू करायचं की अजून दोन गोष्टी बोलायच्या." तेव्हापासून ती हात बघायला लागली. मोठमोठे दांडगे लोक बोटं पांढरी होईपर्यंत दांडा आवळतात आणि चिमुरड्या पोरी खुशाल मांडीवर हात ठेवून पडतात, हे तिने पाहिलं. पुढे पुढे डॉक्टर सुई उचलण्याआधी तिच्याकडे एक नजर टाकायचे आणि ती मानेनेच हो किंवा नाही सांगायची. शिफारशीचं एक पत्र त्यांनी न मागता दिलं. दुसरं तिच्या रसायनशास्त्राच्या सरांनी दिलं. आईचं पत्र कोणी मागितलं नाही, याची रुखरुख आईला शेवटपर्यंत राहिली.

उरल्या दोन अटी. हस्तकौशल्याची चाचणी आणि मुलाखत.

हस्तकौशल्य हा शब्द बाबांनी वाचला आणि आईचा चेहरा उजळला. इतका वेळ हे सगळं प्रकरण तिच्या हाताबाहेरचं होतं. रसायन कशाशी खातात ते तिला माहीत नव्हतं. पण हात म्हणजे तिचाच प्रांत. चाचणीत मेणाचा ठोकळा देणार होते, आणि त्यातून दिलेल्या मापाची दाढ कोरून काढायची होती.

"दिलेल्या मापाची ना? मग झालंच," आई म्हणाली. "माप मी शिकवते."

घरात मेण नव्हतं, साबण होता. त्या दिवसापासून घरातल्या साबणांवर संक्रांत आली. टाचणी धारदार सुरी घेऊन खिडकीशी बसायची आणि संध्याकाळपर्यंत वडीची दाढ झालेली असायची. बाबा आंघोळीला गेले की आतून ओरडून विचारायचे, "ही वरची की खालची?" अंगाला दाढ चोळून आंघोळ करणारे त्या वस्तीतले ते एकमेव लिफ्टवाले होते. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते टॉवेलने डोकं पुसत म्हणायचे, "पण आमच्या घरात दात कोरूनच पुढचं सगळं व्हायचंय."

आई मशीन थांबवून शेजारी येऊन बसायची आणि शिकवायची. तिचं शिकवणं सोपं होतं. कापडावर नेहमी दोन रेघा मारायच्या. आतली शिलाईची, बाहेरची कात्रीची. दोन्हींच्या मधे सोडायची ती माया. कात्री कायम बाहेरच्या रेघेवरून चालवायची. ज्याने आतल्या रेघेवरून कात्री चालवली तो शिंपी संपला.

"जास्त असलं तर आत घेता येतं," ती सांगायची. "कमी पडलं तर काय जोडणार? अजून थोडं राहू दे. हां, तिथेच थांब."

टाचणी तिथेच थांबायची. तिच्या हाताला हे शिकवावं लागतच नव्हतं. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती काज-बटणं करत होती, दहाव्या-अकराव्या वर्षी कापायला लागली होती, आणि बाहेरच्या रेघेपाशी तिचा हात आपोआप थबकायचा. चित्रावरून ती दाढेची लांबी-रुंदी साबणावर आखायची, बाहेरून दुसरी रेघ मारायची आणि तिच्यावरून कोरायची. दाढ मोठी सुरेख उतरायची. वरचे उंचवटे, मधल्या खाचा, कडेचा फुगीरपणा, सगळं जिथल्या तिथे.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना तिने त्यातली एक नेऊन दाखवली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली. "आकार फारच छान. माप घेऊन करतेस ना?"

"हो, दोन्ही रेघा मारून."

दोन रेघा म्हणजे लांबीची एक आणि रुंदीची एक, असं डॉक्टरांनी समजून घेतलं, शाबासकी दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दाढ हातात धरायला इतकी देखणी होती की तिच्यावर पट्टी लावून बघायचं कोणाच्या मनात आलं नाही.

चाचणीच्या दिवशी आई दुकान बंद करून तिच्याबरोबर गेली. बाबांच्या एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, त्यामुळे ते आत अडकलेल्या लोकांशी बोलत बसले होते. कॉलेजचा दिवाणखान्यासारखा मोठा हॉल, लांब टेबलं, प्रत्येकासमोर पिवळट मेणाचा ठोकळा, कोरायची सुरी, पट्टी आणि एका कागदावर खालच्या दाढेचं चित्र, त्याखाली मापं. घंटा झाली. टाचणीने पेन्सिल उचलली आणि सवयीने आत एक रेघ, बाहेर एक रेघ मारून कामाला लागली.

मेण साबणापेक्षा गुणी निघालं. साबण फुटतो, मेण ऐकतं. शेजारी बसलेल्या मुलाची दाढ कोरता कोरता सुळ्याएवढी झाली होती आणि तो तिच्याकडे असहाय नजरेने बघत होता. टाचणीला त्याची दया आली. माया ठेवली नाही बिचाऱ्याने, ती मनाशी म्हणाली. वेळ संपायच्या आत तिने शेवटची खाच साफ केली, दाढ रुमालाने पुसली आणि आपल्या क्रमांकाच्या डबीत ठेवून दिली.

बाहेरच्या पॅसेजमधे आई बाकावर ताठ बसली होती.

"कशी झाली?"

"मस्त झाली."

"माया ठेवलीस?"

"ठेवली."

"मग काळजी नाही," आई म्हणाली आणि तिने पिशवीतून थर्मास काढला. दोघी एकाच पेल्यातून आळीपाळीने चहा प्यायल्या. असा निश्चिंत चहा त्या दोघी फार दिवसांनी पीत होत्या.

दुपारी मुलाखतींना सुरुवात झाली. खोलीच्या दारावर पाटी होती, पालकांनी आत येऊ नये. आत टेबलामागे दोघंजण होते. एक पोरगेलेसे सर, ते फक्त लिहीत होते. आणि मोठ्या मॅडम. मॅडमनी आयुष्यभर ड्रिलच्या आवाजावर आवाज चढवून शिकवलं होतं, त्यामुळे त्या साधं "बस" म्हणाल्या तरी पलीकडच्या इमारतीतला माणूस बसला असता. टेबलावर प्लास्टरचा एक जबडा होता. त्यातली एक दाढ गायब होती. जबड्याशेजारी टाचणीची डबी होती.

"दातांचंच का?" मॅडमनी विचारलं.

याचं उत्तर बाबांनी पाठ करून घेतलं होतं. समाजाची सेवा करण्याची मला लहानपणापासून आवड आहे, असं ते सुरू होत होतं आणि बरंच लांब होतं. टाचणीने ते अर्धं म्हटलं तोवर मॅडमनी हात वर केला.

"सकाळपासून हे मी ऐकतेय. समाज एवढ्या सेवेखाली दबून जाईल. बरं, राहू दे. दाढ बघू."

त्यांनी डबी उघडली आणि दाढ बाहेर काढली. भुवया वर गेल्या. लिहिणाऱ्या सरांनीसुद्धा मान वर केली. इतकी देखणी दाढ सकाळपासून त्या टेबलावर आली नसावी. मॅडमनी ती जबड्याच्या रिकाम्या जागेत ठेवली आणि अंगठ्याने दाबली.

दाढ आत जाईना. मॅडमनी जरा जोर लावला. बसमधे दोघांच्या सीटवर तिसऱ्याने टेकावं तशी ती दोन्ही शेजारणींच्या खांद्यावर बसून राहिली.

"ही मोठी का?" मॅडम म्हणाल्या. "माप दिलं होतं. सगळीकडून मोठी आहे. चुकून एका बाजूला वाढली असती तर समजलं असतं. ही तर मोजून मोठी केलीय."

टाचणी त्या दाढेकडे बघत राहिली आणि तिला कळलं. मेणाला शिलाई नसते. आत काही घ्यायचं नसतं. बाहेरची रेघ मारायचं कारणच नव्हतं. इतके साबण झिजवले आणि ही एवढीशी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली नव्हती. तिची दातखीळ बसली. आईचं नाव सांगावं, तर आईने जीव ओतून शिकवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे? आणि खरं तर तक्रार नव्हतीच. तिला फक्त भयंकर वाईट वाटत होतं, वर्ष गेलं म्हणून आणि संध्याकाळी हे आईला कळेल म्हणून.

"चूक माझी आहे, मॅडम," ती कशीबशी म्हणाली. "मला सवय आहे जास्त ठेवायची."

"कोणी लावली ही सवय?"

"कोणी नाही. माझी मलाच."

तेवढ्यात दार उघडलं. मॅडमचा आवाज पॅसेजमधे शब्दन् शब्द पोचत होता आणि दारावरची पाटी आईला आता दिसत नव्हती. ती आत आली, थर्मासची पिशवी छातीशी घट्ट धरून.

"चूक माझी आहे," आई म्हणाली. "मी शिकवलं तिला. बाहेरच्या रेघेवरून काप म्हणून मीच सांगितलं. तिचा काही दोष नाही. नापास करायचं तर मला करा."

टाचणीला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. लिहिणारे सर लिहायचे थांबले. मॅडमनी चष्म्यावरून आधी आईकडे बघितलं, मग मुलीकडे.

"ही म्हणते चूक माझी, तुम्ही म्हणता तुमची. चूक एकच आहे, दोघींना पुरायची नाही." मग त्या पुढे वाकल्या आणि आईच्या तोंडाकडे रोखून बघायला लागल्या. "तुम्ही शिवणकाम करता. दोरा दाताने तोडता. डाव्या बाजूने."

आईने झटकन तोंड मिटलं.

"समोरच्या दाताला खाच पडलीय. किती वर्षं चाललंय हे?"

"कात्री शोधत बसायला वेळ कुठे असतो," आई ओठ न उघडता पुटपुटली.

"ती खाच मी लहानपणापासून बघतेय," टाचणी म्हणाली. हे पाठ केलेलं नव्हतं, ते आपोआप बाहेर पडलं. "मी मशीनखाली बसायचे टाचण्या वेचत. खालून आईचं तोंडच दिसायचं. दोरा कचकन तोडला की मला वाटायचं, आता दात गेला. तिला सांगितलं तर ऐकत नाही. म्हटलं, आपणच शिकावं. मग तरी ऐकेल."

"ऐकणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "कोणी ऐकत नाही. पण समाजसेवेपेक्षा हे बरं आहे." त्यांनी लिहिणाऱ्या सरांना खूण केली आणि सर लिहायला लागले. मग त्या आईकडे वळल्या. "बाई, तुमच्याकडे येणारी पोरं वाढतात. दाढ वाढत नाही, आणि ती घालायची ती जागाही वाढत नाही. इतकी मोठी दाढ बसवली तर माणसाला तोंड मिटता येणार नाही. जेवणार कसा?"

आईने यावर विचार केला. "हे मला कोणी सांगितलं नव्हतं," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

"चाचणीत मापाचे गुण गेले, ते काही मी परत देणार नाही. बाकी मुलांवर अन्याय होईल. पण ही मुलाखत आहे, आणि मुलाखतीत काय विचारायचं ते मी ठरवते." मॅडमनी दाढ आणि सुरी टाचणीसमोर सरकवली. "ही जागेवर बसवून दाखव. आणि बाई, तुम्ही आलाच आहात तर तिथे बसा. बोलायचं मात्र नाही."

आई खुर्चीच्या टोकावर बसली. गप्प बसणं हा तिचा स्वभाव नव्हता आणि सुरी चाललेली असताना तर मुळीच नव्हता. टाचणीने जबडा हातात घेऊन ती मोकळी जागा सगळ्या बाजूंनी न्याहाळली, पट्टी लावून मोजली, पेन्सिलीने दाढेवर एकच रेघ मारली आणि कोरायला लागली. सुरी सावकाश चालत होती. मेणाच्या पातळ पापुद्र्यांचा ढीग कागदावर साठत गेला. उंचवटे पुन्हा करावे लागले, खाचा खोल कराव्या लागल्या. मधेच तिने दाढ जागेवर ठेवून पाहिली. आता ती अर्धी आत गेली आणि अडली.

ती पुन्हा कोरायला लागली, आणि रेघ अगदी जवळ आली तेव्हा तिचा हात थांबला. तो तिने थांबवला नव्हता, इतक्या वर्षांच्या सवयीने तो स्वतःच थांबला. रेघेच्या बाहेर केसाएवढं मेण शिल्लक होतं. मागे आईने श्वास रोखल्याचं तिला ऐकू आलं. अजून थोडं राहू दे. हां, तिथेच थांब. आई बोलली नाही, तरी टाचणीला ते स्वच्छ ऐकू येत होतं, आणि तिला माहीत होतं की यापुढे चुकलं तर जोडायला काही उरणार नाही. तिला भीती वाटली. मग तिने सुरी आत टेकवली आणि रेघेवरून फिरवली.

दाढ जागेवर ठेवली तर ती सरळ आत गेली. मॅडमनी जबडा उचलून उलटा धरला, वर एक चापट मारली. दाढ हलली नाही. जबडा खाली ठेवून त्यांनी सरांच्या कागदावर स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं आणि पुढच्या उमेदवाराला इतक्या जोरात हाक मारली की मायलेकी दोघी दचकून उठल्या.

यादी संध्याकाळी फळ्यावर लागणार होती. तोवर दोघी बाकावर बसून राहिल्या. आई एक शब्द बोलत नव्हती. टाचणीने दोनदा चहा विचारला, दोनदा नुसती मान हलली. आईला लोकांसमोर अपमान वाटला असणार, आपण तिच्या शिकवणीवर सर्वांदेखत सुरी फिरवली, असं टाचणीच्या मनात येत होतं आणि तिला यादीपेक्षा त्याचीच जास्त काळजी लागली होती.

शिपायाने कागद आणून फळ्यावर लावला तशी सगळी पोरं धावली. टाचणी वरून वाचत आली. अर्ध्यावर नाव नव्हतं, पाऊण यादी संपली तरी नव्हतं. ते शेवटून दुसरं होतं. तिने ते पुन्हा वाचलं, मग बोट ठेवून वाचलं.

बाबांना फोन लावला. अडकलेले लोक सुखरूप बाहेर आले होते आणि बाबा खुशीत होते. "शेवटून दुसरी?" ते म्हणाले. "काही बिघडत नाही. लिफ्टमधे शेवटी शिरतो तो सगळ्यात आधी बाहेर पडतो." मग त्यांचा आवाज जरा बदलला आणि ते म्हणाले की इथे धूळ फार आहे, नंतर बोलू.

दोघी रस्त्याला लागल्या. दुकानं उघडी होती, माणसं घरी चालली होती. कोपऱ्यावर सिग्नलला थांबल्यावर टाचणीला राहवलं नाही.

"आई, तुला राग आला का?"

"कसला?"

"मी तू शिकवलंस तसं केलं नाही."

सिग्नल सुटला, माणसं त्यांच्या बाजूने पलीकडे गेली, तरी आई तिथेच उभी होती.

"तुझा हात थांबला ना, तिथे माझाही थांबला असता," ती म्हणाली. "मी बघत होते. मनात म्हटलं, बस, आता नको. पुढे जायची छाती मला झाली नसती गं. इतकी वर्षं कापतेय, पण तो शेवटचा हात मी मारला नसता."

आणि एवढं बोलून माझी टाचणी, माझी टाचणी असं म्हणत ती भर रस्त्यात रडायला लागली, आणि रडताना हसत होती, त्यामुळे तिचा तो खाच पडलेला दात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसत होता.